सत्तावीस नंबरपाशी बसून

ताई, तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला मी आले नाही. दिल्लीत, द्वारकेला तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे जमले होते. नागपूरहून तुझ्या दोन्ही बहिणी आल्या होत्या, ऑफिसमधले झाडून सगळे होते. वंदना झाल्यावर बोलणाऱ्यांमध्ये मिलिंदभाऊजींनी माझं नाव पहिलं घेतलं. दोनदा हाक मारली म्हणे. मग कोणीतरी म्हणालं, ट्रॅफिकमध्ये अडकली असेल. दिल्लीत हे एक बरं आहे, माणूस कुठेही पोचला नाही तरी त्याची अब्रू ट्रॅफिक सांभाळतं.

मी ट्रॅफिकमध्ये नव्हते. गुरुग्रामच्या पलीकडे, आपल्या संस्थेच्या मागच्या शेडमध्ये, सत्तावीस नंबरच्या पिंजऱ्यापाशी स्टुलावर बसले होते, पांढरी साडी नेसून. हॉलमध्ये जे बोलायचं होतं ते आता तुलाच लिहिते आहे. भाऊजींना फोन लावला की ते 'हं' म्हणतात, मी 'हं' म्हणते, आणि पुढे दोघांनाही बोलवत नाही.

लोक काय काय बोलले ते मला कळलं. निष्ठा, शिस्त, विज्ञानाची सेवा. तू असतीस तर मागच्या रांगेत बसून माझ्या कानाशी म्हणाली असतीस, "कोणाबद्दल बोलून राहिले हे?" मी तरी काय वेगळं बोलले असते कोण जाणे. मी फार थकले आहे ग. रडू येतं, पण रडायलाही अंगात थोडं बळ लागतं.

मी नवी नवी रुजू झाले तेव्हा तुला 'मॅडम' म्हटलं होतं. तू माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव वाचलंस, 'अनघा' असं मोठ्याने म्हणालीस आणि विचारलंस, "मराठी ना? मग मराठीत बोल न. घरी आम्ही दोघंच, अन् मिलिंद तर बोलतच नाही. माझी जीभ गंजून राहिली." पुढे कितीतरी दिवस मी 'तुम्ही' म्हणत राहिले. शेवटी तूच वैतागलीस. म्हणालीस, तुम्ही-तुम्ही ऐकलं की मला सासरी आल्यासारखं वाटते, ताई म्हण अन् गप तू म्हण. पशुवैद्यकाची पदवी घेऊन पुण्याहून दिल्लीला आलेल्या, एकट्या राहणाऱ्या मुलीला त्या दिवशी माहेर मिळालं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "बरं झालं, आता फोटो काढू."

लोकांना वाटतं प्रयोगशाळा म्हणजे काहीतरी शोध लागतात, धावपळ होते. आपलं काम होतं वाट बघणं. माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर मध्यभागी एक बारीकशी जागा असते, पीतबिंदू. तिच्या जोरावर आपण अक्षरं वाचतो, चेहरे ओळखतो. प्रयोगशाळेत जे प्राणी ठेवतात त्यांत ती तशीच्या तशी माकडांनाच असते, आणि म्हातारपणी माणसासारखेच तिथे पिवळट ठिपके साठत जातात. ते का साठतात, कोणाची नजर त्यांनी जाते आणि कोणाची वाचते, हे तुला हवं होतं. म्हणून दर काही महिन्यांनी त्या म्हाताऱ्यांना भूल द्यायची, डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढायचे, शुद्धीवर आली की केळं द्यायचं, आणि पुन्हा थांबायचं. ते माकड गेलं की त्याचा डोळा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून फोटोशी ताडून बघायचा. फोटोतला ठिपका आतून नेमका काय होता ते तेव्हाच कळतं. अर्धं काम जिवंतपणी, अर्धं मेल्यावर. आढावा बैठकीत साहेब लोक विचारायचे, "इतने साल में हुआ क्या?" तू शांतपणे सांगायचीस, "बूढ़े हो रहे हैं, सर." मला हसू दाबणं मुश्किल व्हायचं.

तुझ्या आईचं तू एकदाच बोललीस. डबे खाऊन झाले होते, शेडच्या भिंतीला पाठ लावून आपण उन्हात बसलो होतो, आणि समोरची एक म्हातारी माकडीण तुझ्याकडे मान वाकडी करून बघत होती. तू म्हणालीस, "आई अशीच बघायची." नजरेचा मधला भाग गेला होता, कडा तेवढ्या शाबूत होत्या. दाराची चौकट दिसायची, चौकटीत कोण उभं आहे ते दिसायचं नाही. म्हणून माणसाकडे बघायचं तर ती बाजूला बघायची. नवीन सुनांना वाटायचं, सासूबाई तोंड फिरवतात. "दोन सुना रुसल्या न याच्यापायी," म्हणून तू हसलीस, आणि लगेच उठून कॅमेऱ्याची लेन्स पुसायला गेलीस. फोटोत दिसायच्या आधी कोणाचे डोळे बिघडायला लागले आहेत, ते तू त्या वाकड्या मानेवरून ओळखायचीस. मी ते तुझ्याकडूनच शिकले.

आपली भांडणं मात्र पहिल्या दिवसापासूनची. पहिलं भांडण नावांवरून. तू नंबराशिवाय बोलायची नाहीस. मी सत्तावीस नंबरला 'काकू' म्हणायचे, कारण ती पिंजऱ्यात अशी बसायची, जणू समोरच्या बिऱ्हाडात काय चाललंय ते तिला कोणी सांगितलेलं नाही आणि ते तिला मुळीच आवडलेलं नाही. तू चिडायचीस. "नाव ठेवलं की तू तिला दोन मनुका जास्त देशील, मग म्हणशील हिची तब्येत बरी आहे." मी खरंच दोन मनुका जास्त द्यायचे. तू बघून न बघितल्यासारखं करायचीस, आणि मी मनात म्हणायचे, कसली कोरडी बाई आहे ही.

खरं भांडण होतं ते शेवटच्या इंजेक्शनचं. मेल्यावर डोळ्याचा पडदा फार वेळ टिकत नाही. काही तासांतच तो सुरकुततो, सुटा होतो, आणि मग वर्षानुवर्षं काढलेल्या फोटोंना जोडायला काहीच उरत नाही. म्हणून एखादं म्हातारं माकड अगदी खंगलं, खाईनासं झालं, की तू माझ्याकडे यायचीस. "अनघा, हे आता होत नाही. तू इंजेक्शन दे, आपण डोळे घेऊ." निर्णय माझा असायचा, डॉक्टर मी होते. मी तपासून सांगायचे, अजून यातना नाहीत ताई, नुसती म्हातारी झाली आहे, तिची ती जाऊ दे. "अन् डोळे?" तू विचारायचीस. मी म्हणायचे, डोळे काय तुझ्या बापाचे आहेत का. एवढं बोलायची मुभा तू मला दिली होतीस, आणि घरी परतताना एक्स्प्रेसवेवर गाड्या खोळंबल्या की आपण कॅबमध्ये तोच वाद पुन्हा सुरू करायचो. ड्रायव्हर आरशातून बघायचा. त्याला वाटत असणार, या दोघी कोणाच्या तरी सासूबद्दल बोलताहेत.

मग तो मोठा नर गेला, माझ्या सांगण्यावरून इंजेक्शन न देता ठेवलेला. सुट्टीचा दिवस होता, जवळ कोणी नव्हतं. आपण पोचलो तोवर डोळे हातचे गेले होते. तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. हातमोजे काढलेस आणि म्हणालीस, "इतके वर्षं त्याला पकडलं, सुया टोचल्या, भूल दिली. अन् ते सगळं कशापायी? सांग न." दुसऱ्या दिवशी तू नियम घालून दिलास. ज्याला जनावराचं नैसर्गिक मरण हवं आहे त्याने शेवटपर्यंत शेजारी बसायचं. खंगलेल्या जनावरापाशी आळीपाळीने कोणीतरी हवंच, स्टूल टाकून, थर्मास घेऊन. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीच्या कुठल्याही कागदावर हा नियम नाही. आपल्या शेडचा तो रिवाज झाला. सतबीर, जो त्यांचं खाणंपिणं बघतो, तोसुद्धा कुरकुर न करता पाळी घ्यायला लागला. दोन-तीन जणी माझ्या शेजारी अगदी शांतपणे, झोपेतच गेल्या. मी तुला ते पुन्हा पुन्हा ऐकवायचे. तू म्हणायचीस, "नशीब तुझं." मला वाटायचं, हरली की ही असंच बोलते.

त्या रविवारी, तुझ्या कार्यक्रमाला, मी घरून निघाले होते. साडी नेसून, चार वाक्यं मनात जुळवून, कॅबमध्ये बसले होते, तेवढ्यात सतबीरचा फोन आला. "मैडम, सत्ताईस नंबर ने सुबह से पानी भी नहीं लिया. साँस भी ठीक नहीं लग रही." बाकी सगळे तुझ्याकडे निघालेले. त्यालाही निघायचं होतं, इस्त्रीचा शर्ट घालून तो तयार होता. मी ड्रायव्हरला म्हटलं, भैया, यू-टर्न ले लो. तो म्हणाला, आगे से मिलेगा. ते 'आगे' येईपर्यंत मला वाटत होतं, अजूनही सरळ जावं.

आपल्या त्या गटातली ती शेवटची, दोन्ही डोळ्यांना रोग असलेली, आणि सगळ्यांत जास्त फोटो तिचेच. तिचे डोळे गेले असते तर तुझं काम तसंच अर्धं राहिलं असतं, आता ते पुरं करायला तूही नाहीस. मी पोचल्या पोचल्या इंजेक्शन दिलं असतं, डोळे घेतले असते, तर कार्यक्रम संपता संपता तरी तुझ्या फोटोसमोर उभी राहिले असते. सतबीर माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, रुकते हैं. एवढी वर्षं जे तोंडाने बोलत आले तेच केलं. स्टूल ओढलं आणि बसले.

ताई, ती झोपेत गेली नाही. ती पडायची, मग हात टेकून उठायला बघायची, अर्धी उठायची आणि पुन्हा पडायची. श्वास घेताना सगळं अंग कामाला लागत होतं. हीटर लावला, गोणपाट सारखं केलं, सलाईन देऊन बघितलं. थोडं बरं वाटल्यासारखं व्हायचं, की पुन्हा ते उठणं आणि पडणं. मी स्वतःला सांगत होते, जातेच आहे, आता जाईल. ती जात नव्हती. मग तिने मान वाकडी केली आणि माझ्याकडे बघितलं. मी दिसावी म्हणून तिने ती मान वाकडी केली होती, एवढ्या धापेतसुद्धा. मला ते बघवेना. मी उठले, औषध भरलं आणि तिला शेवटचं इंजेक्शन दिलं.

तिचा हात माझ्या हातात होता. गार, सुरकुतलेला, काळ्या नखांचा, लहान मुलीएवढा हात. किती वेळ धरून बसले कोण जाणे. मग सतबीर मागून हळूच म्हणाला, "मैडम, आँखें."

मी विचारलं, "किसकी?"

खरंच विचारलं ग. डोळ्यांसाठी मी यू-टर्न घेतला, डोळ्यांसाठी तुझा शेवटचा निरोप सोडला, आणि सुई टोचली तेव्हापासून डोळे माझ्या डोक्यात आलेच नव्हते. त्याने ट्रे पुढे केला. मग हातांनी आपलं काम केलं, तू शिकवलेलं, तशाच क्रमाने. डोळे उत्तम मिळाले आहेत, अगदी वेळेवर. दोन्ही. लॅबमधल्या मुली म्हणतात, इतका स्वच्छ पडदा आजवर मिळाला नव्हता. तुला हवं होतं ते झालं आहे, एवढं तुला कळवायचं होतं.

पण परतताना एक्स्प्रेसवेवर नेहमीसारख्या गाड्या खोळंबल्या, शेजारची जागा रिकामी होती, आणि वाद घालायला कोणी नसल्यामुळे मी पहिल्यांदाच तुझ्या बाजूने विचार केला. तू कोणाकोणासाठी माझ्याकडे आली होतीस, ते एकेक आठवत गेले. जबडा सुजलेली ती बुटकी. मागचे पाय गेलेला तो. पाण्याकडे तोंड वळवता येत नव्हतं ती. सगळी अशीच, ज्यांच्याकडे बघवत नव्हतं. आणि ज्यांचे डोळे खरे मोलाचे होते, रोग नुकता सुरू झालेला, कामाला सगळ्यांत उपयोगी, ती सोळा नंबर, ती तेव्हा मजेत दोरीला लटकून झोके घेत होती. तिच्याबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. समितीतल्या एका साहेबांनी एकदा सरळच विचारलं होतं, "उसको क्यों नहीं ले लेते?" तू म्हणालीस, "अभी नहीं सर, अभी उसका डेटा बाकी है." मी शेजारी बसून मनात म्हटलं होतं, बघा, हिला डेटाशिवाय काही सुचत नाही.

तुला डोळेच हवे असते तर तू सोळा नंबर मागितली असतीस, ताई. तू कधीच मागितली नाहीस. मागायचीस ती फक्त सुटका, आणि कारण सांगायचीस डोळ्यांचं. कारण त्या बैठकांमध्ये डोळ्यांचं कारण चालतं, दुसरं चालत नाही. एक बाई माकडांसाठी कळवळते म्हटलं की साहेब लोक कसे हसतात ते मीही बघितलं आहे. पण मी काय समिती होते का ग? मला तर सांगायचं होतंस. कॅबमध्ये, थर्मासमधला चहा पिताना, केव्हाही. की तुला वाटत होतं, ही डॉक्टर आहे, हिला दिसत असेल?

म्हणून आता शेवटच्या भेटीचं लिहिते. ते मला हॉलमध्ये कधीच बोलता आलं नसतं, आणि आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. हॉस्पिटलमध्ये तुला दुपारची भूल उतरत होती. भाऊजी औषधं आणायला खाली गेले होते. नाकात नळी, पोटात नळी, हातात सुई. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "सत्तावीसला उगाच ओढत ठेवू नको, अनघा. लई त्रास होते." मला संताप आला. तुझ्यावर नाही, सगळ्यावरच, त्या नळ्यांवर, तू चालली होतीस त्यावर. मी म्हटलं, "ताई, आता तरी डोळ्यांचं सोड. थोडा वेळ स्वतःकडे बघ."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. आपल्या इतक्या वर्षांच्या भांडणात तू कधी एका वाक्यात माघार घेतली नव्हतीस. त्या दिवशी मात्र तू फक्त "बरं" म्हणालीस. आणि मी, एकदाचं हिला गप्प केलं म्हणून जराशी हलकी होऊन, लिफ्टने खाली आले.